शाई संपली, की मोजणी संपली?

समजा, पीकविम्याच्या मुदतीचा शेवटचा दिवस आहे. सकाळपासून आभाळ भरून आले आहे. वसमत तालुक्यातल्या आपल्या हट्ट्याच्या सेवा केंद्रासमोर आजूबाजूच्या गावांतली माणसे ओळीने उभी आहेत. कुणाच्या हातात आधार कार्ड, कुणाच्या हातात बँकेचे पासबुक, कुणी सातबारा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेला. तुमचा नंबर येतो. केंद्रचालक पोरगा कळ दाबतो आणि प्रिंटर गप्प बसतो. पडद्यावर सूचना येते, शाई संपली, कार्ट्रिज बदला.

"आता रे?" तुम्ही विचारता.

"आता काय, काका! वसमतला नाही तर परभणीला जावं लागतं. नवं कार्ट्रिज आणल्याबिगर कागद निघत नाही."

एक खेप वाया, एक दिवस वाया आणि मुदत गेली तर हंगामाचा विमा वाया. दोष कुणाला द्यायचा? पोराला, सरकारला की नशिबाला?

शेतकरी बंधूंनो आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींनो, दोष देण्याआधी एक गोष्ट जाणून घ्या. पडद्यावर "शाई संपली" असे आले म्हणजे शाई संपलीच, असे नव्हे. पुष्कळदा संपलेली असते ती फक्त मोजणी. शाई आणि मोजणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक ज्याला कळला, त्याचे पैसे वाचतात आणि दारात आलेल्या माणसाचे कामही अडत नाही. म्हणून आज या एवढ्याशा डबीची कथा आपण नीट पाहू.

पोहरे मोजणारा गडी

कार्ट्रिज म्हणजे शाईची डबी. आत स्पंज असतो, स्पंजात शाई मुरलेली असते आणि तळाशी केसाहून बारीक छिद्रांची पट्टी असते. तिला हेड म्हणतात. काही कंपन्यांच्या यंत्रांत हे हेड डबीलाच जोडलेले असते, तर काहींत ते यंत्रात कायमचे बसवलेले असते. छिद्रांतून शाईचे थेंब कागदावर उडतात आणि अक्षर उमटते. हा थेंब किती लहान? तो पिकोलिटरमध्ये मोजतात आणि एक मिलिलिटर म्हणजे शंभर कोटी पिकोलिटर!

डबीच्या अंगावर सोनेरी रंगाचे ठिपके दिसतात, ते यंत्राशी बोलण्याचे दरवाजे. यांतल्या अनेक डब्यांवर नखाएवढी चिप असते. चिप म्हणजे लहानशी स्मरणवही. प्रिंटर थेंब उडवतो, किती उडवले ते मोजतो आणि या वहीत नोंद करतो. हेड साफ करताना जी शाई जाते, तीही नावे टाकतो. ठरलेला आकडा भरला, की "संपली" म्हणून मोकळा होतो.

आता मोटेचे दिवस आठवा. एक गडी विहिरीच्या काठावर बसवला आणि त्याला सांगितले, की बाबा, हजार पोहरे निघाले की पाणी आटले असे ओरड. तो पोहरे मोजेल, हजार झाले की ओरडेल. पण विहिरीत डोकावून कधी बघणार नाही. रात्रीतून पाऊस पडला आणि विहीर काठोकाठ भरली, तरी त्याचे म्हणणे एकच, पाणी आटले! चिप हा तसला गडी आहे. तुम्ही डबीत पुन्हा शाई भरली तरी ते त्याला कळत नाही, कारण त्याने वहीच पाहिलेली असते, विहीर नव्हे.

काही यंत्रांत टाकीच्या तळाशी उजेड पाडून शाई खरोखर बघण्याची सोय असते, हे खरे. पण गावपातळीवर जी साधी यंत्रे आहेत, त्यांतली बहुतेक मोजणीवरच चालतात.

यात कंपनीचीही एक बाजू आहे, तीही सांगितली पाहिजे. अनेक यंत्रांत थेंब उडवण्यासाठी छिद्रामागचा बारीक तुकडा क्षणभर कडक तापतो. शाई उकळून बुडबुडा होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. त्या तुकड्याला थंड ठेवणारी शाईच असते. शाई नसताना छपाई चालू ठेवली, तर पाण्याविना मोटार जळते तसे हेड जळते. म्हणून मोजणी थोडी आधीच थांबवतात. पण त्या सावधगिरीत नवी डबी लवकर खपवण्याचा फायदाही दडलेला आहे, हे शेंबडे पोरही सांगेल.

बैल स्वस्त, वैरण महाग

शाई भरणे आपल्याला नवे नाही. आज साठी-सत्तरीत असलेल्यांनी शाळेत दौत नेली आहे. शाईची वडी किंवा पुडी पाण्यात विरघळवायची, दौत भरायची, टाक बुडवायचा. मुंबईत १९३१ साली दांडेकर बंधूंनी अशाच पुड्या आणि वड्यांपासून धंदा सुरू केला. घोडा छाप शाई ती. पुढे उंट छाप आली आणि कॅम्लिन हे नाव घराघरांत पोचले. तेव्हा शाई संपली म्हणून दौत फेकून देणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढले असते.

मग प्रिंटर आले. त्यांच्या जन्मातही गंमत म्हणजे एक सिरिंजच आहे. १९७७ साली जपानच्या कॅनन कंपनीत एका संशोधकाच्या हातून तापलेली डाग देण्याची कांडी, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, शाईच्या सिरिंजच्या सुईला लागली. सुईतून शाई फुर्रकन उडाली. उष्णतेने शाई उडवता येते हे त्यातून सुचले. अमेरिकेत एचपी कंपनीही त्याच सुमारास त्याच वाटेने निघाली होती आणि १९८४ साली तिने थिंकजेट नावाचा प्रिंटर बाजारात आणला. पुढे किमती उतरत गेल्या आणि यंत्र सर्वांच्या आवाक्यात आले.

आपल्याकडे २०११ च्या सुमारास 'संग्राम' प्रकल्पातून ग्रामपंचायतींत संगणक आणि प्रिंटर पोचू लागले. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. दाखला, उतारा, अर्ज, पोच, सगळे छापून निघू लागले. यंत्र स्वस्त वाटले म्हणून घेतले आणि मग कळले, की बैल स्वस्तात मिळाला खरा, पण वैरण मात्र त्याच दुकानातून घ्यायची आणि ती सोन्याच्या भावाची. लोकांनी सिरिंजने शाई भरायला सुरुवात केली. १९९० चे दशक संपता संपता कंपन्यांनी डब्यांवर चिपा बसवायला सुरुवात केली. भरलेली डबी ओळखता यावी आणि नाकारता यावी, हाही त्यातला एक हेतू.

हे भांडण केवळ आपल्या गावचे नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही प्रिंटरांनी जगभर एकाएकी दुसऱ्या कंपन्यांची कार्ट्रिजे घेणे बंद केले. यंत्रात आधीच भरून ठेवलेल्या सूचनेमुळे हे घडले. इतकी ओरड झाली, की त्याच महिन्यात कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली. २०१७ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्क कंपनीच्या खटल्यात निकाल दिला, की एकदा वस्तू विकली की त्या वस्तूवरचा पेटंटचा हक्क संपतो. मग घेणाऱ्याने ती भरून वापरली किंवा विकली, तर पेटंटच्या नावाने त्याला अडवता येत नाही. हा तिकडचा निकाल, आपल्याकडे तो लागू नाही. पण विचार करण्यासारखा आहे.

आणि सगळ्यांत मजेची गोष्ट २०२२ च्या जानेवारीतली. जगात चिपांचा तुटवडा पडला. कॅननला आपल्या मोठ्या कॉपी यंत्रांच्या टोनर डब्यांवर लावायला चिपा मिळेनात. तेव्हा जर्मनीत कंपनीने स्वतःच ग्राहकांना सांगितले, की डबी बिनचिपेची आहे, सूचना येईल, ती बंद करा आणि छपाई चालू ठेवा. छपाईला चिप लागतच नाही, हे यातून उघड झाले की नाही?

शाई कशी भरावी

आता कामाचे बोलू. ज्या डबीला हेड जोडलेले असते, तीच गावात जास्त भरली जाते. एचपी आणि कॅननच्या लहान प्रिंटरांत ती असते. भरताना हे ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट, डबी पूर्ण कोरडी पडण्याची वाट पाहू नका. अक्षर फिके पडू लागले की भरा. कोरडी डबी आठ-पंधरा दिवस कपाटात पडली, की छिद्रांत शाई वाळते आणि मग ती मेली समजा.

दुसरी गोष्ट, सिरिंज नवीन घ्या आणि प्रत्येक रंगाला वेगळी घ्या. घरात जनावरांच्या इंजेक्शनची पडलेली असते, ती वापरू नका. शाईला वापरलेली सिरिंज पुन्हा माणसाला किंवा जनावराला तर मुळीच नको. काम झाले की सुई लेकराबाळांच्या हाती लागणार नाही अशी टाका.

तिसरी गोष्ट, वरचे लेबल हलक्या हाताने उचला. खाली छिद्रे दिसतील. काळ्या डबीत एक ठिकाण, रंगीत डबीत तीन. कोणत्या छिद्राखाली कोणता रंग हे प्रत्येक मॉडेलला वेगळे असते. अंदाजाने भरू नका. स्वच्छ काडी आत घालून बाहेर काढा, टोकाला जो रंग लागेल तोच तिथे भरा. निळ्यात पिवळा गेला तर सगळे हिरवे होऊन बसते.

चौथी गोष्ट, शाई हळूहळू सोडा. लहान काळ्या डबीला साधारण तीन ते चार मिलिलिटर पुरते, रंगीत डबीच्या एकेका कप्प्याला त्याच्या निम्मी. घाईने दाबली तर स्पंजात हवा अडकते. छिद्राशी शाई दिसू लागली, की थांबा आणि थोडी परत ओढून घ्या. पोते तोंडापर्यंत भरले की सांडतेच, तसे हे आहे.

पाचवी गोष्ट, लेबल परत लावा, पण हवा जायची बारीक वाट बुजवू नका. हवा आत गेली नाही तर शाई खाली उतरत नाही. घागरीचे तोंड हाताने बंद केल्यावर तोटीतून पाणी येते का? तसेच.

सहावी गोष्ट, हेड ओलसर मऊ कागदावर टेकवा, घासू नका. सोनेरी ठिपके कोरड्या स्वच्छ कापडाने पुसा. मग डबी बसवून तपासणीचा कागद काढा. रेघा तुटत असतील तर हेड-सफाईची कळ एकदा, फार तर दोनदा दाबा. पुन्हापुन्हा दाबाल तर भरलेली शाई सफाईतच जाईल.

शाई घट्ट वाटली म्हणून त्यात बोअरचे पाणी मिसळणारे काही कमी नाहीत. असे करू नका. आपल्या भागातल्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात. हंड्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो, तोच त्या बारीक छिद्रांत बसेल. हेड पुसायला पाणी लागलेच, तर बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी घ्या.

आणि एवढे सगळे केले तरी डबी अमर नाही. काही वेळा भरल्यावर हेड झिजते आणि अक्षर सुधारत नाही. तेव्हा नवी डबी घेण्यात शहाणपण आहे.

गडी ओरडला तर काय करावे

शाई भरली, तरी चिपेची वही जुनीच असते. मग पडद्यावर सूचना येते. प्रत्येक जातीच्या यंत्राचा स्वभाव वेगळा.

एचपीच्या लहान प्रिंटरांत बहुधा "शाई कमी आहे" किंवा "वापरलेले कार्ट्रिज आहे" अशी सूचना येते. ती वाचा, ओके दाबा आणि पुढे चला. पातळी दाखवणारे चित्र रिकामे राहील, राहू द्या. यंत्र छापत असते. काही मॉडेल दुसऱ्या कंपनीची चिप असलेली डबी मात्र साफ नाकारतात. मूळ डबी, तिची मूळ चिप आणि फक्त शाई नवी, अशी डबी त्यांत चालते असे कंपनीच सांगते. म्हणून आपली मूळ डबी जपा, भंगारात देऊ नका. आणखी एक, "कार्ट्रिज संरक्षण" नावाची सोय चालू असेल, तर डबी त्या एकाच प्रिंटरला बांधली जाते आणि दुसऱ्यात चालत नाही. दुसऱ्याची जुनी डबी विकत घेताना हे विचारा.

कॅननच्या लहान प्रिंटरांत शाई संपल्याची सूचना आली, की स्टॉपची कळ पाच सेकंद किंवा थोडी जास्त दाबून धरायची. मग त्या डबीची मोजणी बंद होते आणि छपाई सुरू. पण ध्यानात ठेवा, यानंतर यंत्र तुम्हाला सावध करणार नाही. गड्याला घरी पाठवले, आता विहिरीत तुम्हीच डोकावायचे. कागद फिका निघाला की लगेच थांबा, नाही तर हेड जळेल.

एप्सनच्या जुन्या, चिपेच्या डब्या वापरणाऱ्या यंत्रांत असे भागत नाही. वहीत "संपली" लिहिले की यंत्र थांबतेच. तिथे चिपेची वही कोरी करणारे लहान उपकरण मिळते, त्याला रिसेटर म्हणतात. किंवा आपोआप कोरी होणारी चिप असलेली, पुन्हा भरायची डबी मिळते. घेताना आपल्या यंत्राचा मॉडेल क्रमांक कागदावर लिहून न्या. "एप्सनची द्या" एवढे सांगून चालत नाही.

प्रिंटर इंटरनेटला जोडलेला असेल, तर कंपनी दूर बसून त्यातली सूचना बदलू शकते. काल चालणारी डबी आज नाकारली जाते, त्यामागे पुष्कळदा हेच असते. बदल आपोआप घ्यायचा की विचारून घ्यायचा, ही निवड यंत्रात कुठे आहे ते केंद्रचालकाने शोधून ठेवावे. असे बदल कधी सुरक्षिततेसाठीही असतात, म्हणून डोळे झाकून नाही म्हणू नका, वाचून ठरवा.

हमीचेही ऐका. भरलेल्या शाईमुळे यंत्र बिघडले, असे कंपनीला दिसले तर ती दुरुस्ती फुकट करून देत नाही. यंत्र नवे असेल तर हा हिशेब आधी मांडा.

टाकीवाला प्रिंटर

लोक डब्या भरायचे थांबत नाहीत हे बघून एप्सनने २०१० साली इंडोनेशियात बाहेरून टाकी असलेला प्रिंटर काढला. पुढे तो भारतातही आला. कॅनन आणि एचपीनेही मग तशीच यंत्रे काढली. यात बाटलीतून शाई ओतायची, सिरिंजची कटकट नाही. जिथे रोज पन्नास-शंभर कागद निघतात, तिथे हेच यंत्र परवडते.

पण इथेही मोजणारा गडी सुटलेला नाही. यांतल्या बऱ्याच यंत्रांच्या पडद्यावरची पातळी हा अंदाज असतो. खरी पातळी टाकीच्या काचेतून डोळ्यांनी बघा. शाई खालच्या रेघेखाली जाऊ देऊ नका. हवा नळीत शिरली की ती काढताना बरीच शाई जाते. टाकी भरली की मोजणी पुन्हा सुरू करायची कळ दाबा. यंत्र आडवे करून मोटारसायकलवर नेऊ नका.

आणखी एक मोजणी या यंत्रांत दडलेली असते. हेड साफ करताना निघालेली शाई खाली एका जाड बोळ्यात मुरते. तो भरला असेल असा आकडा झाला, की यंत्र कामच थांबवते. बाजारात काही जण फक्त आकडा कोरा करून देतात आणि पैसे घेतात. इथे मात्र उलटे आहे! मोजणी कोरी केली तरी बोळा भरलेलाच असतो आणि काही दिवसांनी शाई टेबलावर, दप्तरावर झिरपते. म्हणून आकडा कोरा करायच्या आधी बोळा बदलायला सांगा. मोजणीवर सदा अविश्वास नको, तसा आंधळा विश्वासही नको.

दप्तराचा कागद टिकला पाहिजे

ग्रामपंचायतीच्या मंडळींनो, हा भाग तुमच्यासाठी आहे.

शाई दोन जातींची असते. एक डाय, म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. दुसरी पिगमेंट, म्हणजे पाण्यात तरंगणारी रंगाची बारीक पूड. डाय स्वस्त आणि चमकदार, पण पाण्याचा थेंब पडला की पसरते आणि उन्हात फिकी पडते. पिगमेंट कागदाला धरून बसते. ज्या डबीत मुळात पिगमेंट होती, तिच्यात डाय भरली तर कागद निघतो, पण टिकत नाही. दोन्ही एकत्र केल्या तर हेडही तुंबू शकते. म्हणून बाटली घेताना कोणती जात ते विचारा.

हे का महत्त्वाचे? ज्या कागदावर वारसाची नोंद आहे, ठराव आहे, घराचा नमुना आठ आहे, तो शेतकरी दहा वर्षे ट्रंकेत ठेवतो. पावसात भिजत आणतो, हळदीच्या हाताने उलगडतो. अक्षर पुसले तर खेटे त्यालाच. एक साधी परीक्षा करा. नवी शाई भरल्यावर एक कागद काढा, एक दिवस वाळू द्या, दुसऱ्या दिवशी त्यावर पाण्याचा थेंब टाका आणि बोट फिरवा. पसरली, तर ती शाई शाळेच्या सूचनेला आणि ग्रामसभेच्या जाहिरातीला ठीक आहे, दप्तराला नाही.

डिजिटल सातबाऱ्यावर पडताळणीचा क्रमांक आणि क्यूआरचा चौकोन असतो. कागदाचा खरेपणा त्यावरून तपासतात. हेडचे एखादे छिद्र तुंबले, की छपाईत पांढऱ्या रेघा पडतात. आकडा वाचता येत नाही, चौकोन मोबाईलला कळत नाही, आणि बँकेतला साहेब कागद परत करतो. शेतकऱ्याला वाटते सातबारा खोटा निघाला. खोटा नसतो हो, शाई तुंबलेली असते! म्हणून कागद हातात घेतल्यावर तिथेच उजेडात बघा आणि रेघा असतील तर दुसरा मागून घ्या.

उन्हाळ्यात आपल्याकडे हेड लवकर वाळते. आठवड्यातून एकदा तरी सगळे रंग असलेला एक कागद काढा. प्रिंटर नेहमी त्याच्याच कळीने बंद करा, भिंतीवरचे बटण थेट पाडू नका. कळीने बंद केले की हेड आपल्या झाकणाखाली जाऊन बसते. छपाई चालू असताना लाईट गेली, तर ते उघडेच राहते. लाईट आल्यावर यंत्र एकदा चालू करून नीट बंद करा. रात्री वर कापड टाका.

हिशेब कसा मांडावा

समजा, डबी हजार रुपयांची आहे आणि दोनशे कागद देते. एका कागदाला शाई पाच रुपयांची पडली. तीच डबी दीडशे रुपयांत भरून दीडशे कागद मिळाले, तर एक रुपया. बाटलीवाल्या यंत्रात समजा चारशे रुपयांच्या बाटलीत चार हजार कागद निघाले, तर दहा पैसे. हे आकडे फक्त उदाहरणाचे. तुम्ही तुमच्या बाजारातले भाव घालून पाहा. डबीच्या खोक्यावर लिहिलेले कागद हे पानाचा साधारण वीसावा भाग शाईने भरेल असे धरून मोजलेले असतात. फोटो किंवा गडद तक्ते छापाल तर तितके निघणार नाहीत.

नवा प्रिंटर घेताना दरपत्रकात यंत्राची किंमत बघून ठराव करू नका. एका कागदाला किती पैसे पडतील, चिप नाकारते का, शाई वसमत किंवा हिंगोलीत मिळते का, हे तीन प्रश्न विचारा. आठवड्याला दहा-वीसच कागद निघत असतील, तर काळा लेसर प्रिंटर बरा. त्याची पूड वाळत नाही आणि पाण्याने पसरत नाही. टोनरवरही चिप असते, हे मात्र विसरू नका.

कपाटात एक डबी किंवा बाटली नेहमी शिल्लक असू द्या. भिंतीवर एक वही अडकवा. कोणत्या तारखेला शाई भरली, किती भरली, त्यावर किती कागद निघाले. तीन महिन्यांत तुम्हाला तुमच्या यंत्राचा खरा आकडा कळेल. तो चिपेच्या आकड्यापेक्षा भरवशाचा असेल, कारण तो तुमच्या डोळ्यांदेखत मोजलेला असेल.

आणि रिकामी डबी उकिरड्यावर टाकू नका. सरकारच्या ई-कचऱ्याच्या नियमांत प्रिंटरबरोबर त्याची कार्ट्रिजेही येतात. त्या ओल्या कचऱ्यात गेल्या तर शेवटी खताबरोबर आपल्याच वावरात येतील. नव्या डबीचे खोके फेकताना फाडून फेका. सबंध खोकी गोळा करून त्यांत भरलेली डबी नवी म्हणून विकणारे बाजारात असतात.

तर मंडळी, यंत्र काही आपले वैरी नाही आणि देवही नाही. ते सांगते ते ऐकायचे, पण विहिरीत एकदा स्वतः डोकावायचे. येत्या हंगामात मुदतीच्या दिवशी पडद्यावर "शाई संपली" असे आले, तर केंद्रावरच्या पोराला एवढेच विचारा, "लेका, शाई संपली का मोजणी?" त्याला उत्तर देता आले, तर तुमची वसमतची खेप वाचली.